गाठ मागं, टाके पुढं

मैंदर्गी
१२ नोव्हेंबर २०२४

नागनाथ यास बिरप्पाचा जय भीम. विठाबाई वहिनींना नमस्कार.

तुझं पत्र श्रावणात आलं आणि मी दिवाळी उलटल्यावर उत्तर लिहायला बसलोय, याचा राग धरू नकोस. विसरलो नव्हतो. रोज वाटायचं, आज केराबाईला बरं वाटेल, मग चांगली बातमीच कळवू. ती बातमी काही आली नाही. फोन करावा तर कानाला लावला की नुसती भणभण ऐकू येते. म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतच्या शाळेचं अक्षर आहे, सांभाळून घे.

केराबाईच्या उजव्या गुडघ्यामागं गाठ आलीय. आधी बोराएवढी होती, आता लिंबाएवढी झालीय. पाय सरळ केला की टणक लागते, दुमडला की आत दडते. स्वतःच्या गुडघ्याची मागची बाजू कुणालाच दिसत नाही, म्हणून रोज सकाळी ती माझ्याकडं पाठ करून उभी राहते, लुगडं वर धरते आणि विचारते, "बघा की, केवढी हाय?"

मी म्हणतो, कालच्याएवढीच.

"रोज कालच्याएवढीच, मग वाढली कवा?" म्हणते आणि हसते. मला हसू येत नाही.

यंदा ती मेंढरांमागं गेली नाही. पोरगा अजिनाथ एकटाच कळप घेऊन भीमेच्या काठाला उतरलाय. लग्न होऊन आल्यापासून ती एका जागी अशी कधी बसली नव्हती. मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं बघत बसते. काल म्हणाली, "संक्रांतीला मी नदीला जाणार. पाय आला तर बरं, न्हायतर त्याला हितंच ठिवून जाईन." असलं बोलणं मला सोसत नाही. आमच्या वस्तीवरचा श्रीमंत, नावाचाच श्रीमंत, पायाच्या अंगठ्याची जखम घेऊन सोलापूरला गेला आणि गुडघ्याखालचा पाय तिथंच ठेवून आला. त्याची कुबडी वाजली की मी उठून आत जातो.

अक्कलकोटच्या डॉक्टरनं हात लावला आणि म्हणाला, सोलापूरला न्या, तिथं दुर्बिणीनं करतात. दुर्बीण लांबचं बघायला असते. गुडघा तर हाताशी आहे. मी काही विचारलं नाही, मान हलवली.

इकडं धुळा मागं लागलाय. तुला तो आठवत असेल, सळई तापवून डाग देणारा. मेंढराचा गुडघा सुजला की आम्ही त्यालाच बोलावतो आणि आठ दिवसांत मेंढरू चालायला लागतं. तो म्हणतो, "काकीला दोन डाग देतो, गाठ जागच्या जागी बसंल." मी अजून हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तुझी लेक बुद्धप्रिया सोलापूरच्या दवाखान्यात सिस्टर आहे. तिला विचारून खरं काय ते लिही. पाय तर कापत नाहीत ना, एवढं आधी लिही.

तुझा बिरप्पा


होटगी
१७ नोव्हेंबर २०२४

बिरप्पा, जय भीम.

आधी तेच लिहितो. पाय कापत नाहीत. आता पाणी पी आणि पुढचं वाच.

तुझं दुर्बिणीचं वाचून मी एवढा हसलो की विठाबाईनं दटावलं, "त्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय आन् तुमी दात काढताय." मग बुद्धप्रियेला वाचून दाखवलं. तीही हसली, पण तोंड फिरवून. ती शिकलेली आहे.

श्रीमंतचा पाय साखरेच्या आजारानं गेला. त्याचा आणि वहिनींच्या गाठीचा काही संबंध नाही. वहिनींसारखी माणसं बुद्धप्रियेच्या वॉर्डात कायम असतात. गुडघ्याला दोन बारीक भोकं पाडतात. एकातून पेन्सिलीसारखी नळी घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो, आतलं सगळं टीव्हीवर दिसतं. दुसऱ्या भोकातून बारीक हत्यार घालायचं, गाठ धरायची आणि ओढून काढायची. झालं काम. दुसऱ्या दिवशी माणूस आधार घेऊन उभा राहतो.

बुद्धप्रियेचा निरोप असा की गाठ टोचायची नाही, चोळायची नाही, दाबायची नाही. आणि डाग तर अजिबात नाही. धुळ्याला सांग, तुझी सळई मेंढरापुरती ठेव.

पंचवीस तारखेला वहिनींना घेऊन सरळ आमच्याकडं उतर. आधी मशीनमध्ये गुडघ्याचा फोटो काढतील, मग डॉक्टर ठरवतील. राहणं-खाणं इथंच. तुझी मेंढरं आमच्या शिवारात खतासाठी बसायची, तेव्हा मी रेल्वेच्या नोकरीत होतो, गाडी गेल्याशिवाय तुला रूळ ओलांडू देत नव्हतो. तू चिडायचास, पण थांबायचास. आताही तसाच थांब. घाबरून इकडंतिकडं पळू नकोस.

नागनाथ


मैंदर्गी
९ डिसेंबर २०२४

नागनाथ यास जय भीम.

आम्ही सुखरूप पोचलो. तुम्ही सगळ्यांनी आमच्यासाठी जे केलं ते रक्ताचं माणूसही करणार नाही. वहिनींच्या हातची शेंगाची चटणी केराबाईनं पुरवून पुरवून खाल्ली. बुद्धप्रियेला माझा आशीर्वाद सांग. तिच्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही, हे आधी लिहून ठेवतो.

एक विचारायचं होतं. ते डॉक्टर वयानं फार लहान वाटले. त्यांनी आधी अशा किती जणांचं केलं असेल? सहज विचारतो.

सहज नाही. तुझ्यापाशी कशाला लपवू?

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर माझ्याशी बराच वेळ बोलले. माझा एक कान गेलेला आणि दुसऱ्यात भीती भरलेली. मी मान हलवत राहिलो. केराबाईला कंबरेखाली बधिर केलं होतं, पण ती जागी होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "टीव्हीवर माजा गुडगा बघितला. आत पिंजलेल्या लोकरीवानी पांढरं पांढरं व्हतं." खुशीत होती. मीही खूश झालो.

घरी आल्यावर पट्टी सोडायची नाही असं सांगितलं होतं. मी सोडली. परवा ती झोपली असताना मला राहवेना. नागनाथ, टाके पुढं आहेत. वाटीच्या दोन्ही अंगांना एकेक. मागं सुईसुद्धा लागलेली नाही, आणि गाठ जिथल्या तिथं आहे. हात लावून बघितली. तेवढीच आहे.

तू लिहिलं होतंस की गाठ धरून ओढून काढतात. मग ही काय आहे? मला वाटतं डॉक्टरची बाजू चुकली. पाठ समजून पोट फाडावं तसं झालं. माणूस आहे, चुकतो. पण आता पुन्हा त्याच्यापुढं कसं जाऊ? बुद्धप्रियेची तिथं नोकरी आहे, माझ्या तोंडून अधिकउणा शब्द गेला तर तिला ऐकून घ्यावं लागेल. म्हणून टाके काढायला गुरुवारी बोलावलंय तरी मी येत नाही. टाके काय, अक्कलकोटलाही निघतात.

केराबाईला यातलं काही माहीत नाही. सकाळी तिनं विचारलं, "गेली का वं?" मी म्हणालो, गेली. तिनं हात जोडून बिरुदेवाचा भंडारा कपाळाला लावला. मला तिथं उभं राहवेना, घरी मागं ठेवलेल्या कोकरांना पाला टाकायच्या निमित्तानं बाहेर आलो.

आता मी ठरवलंय. धुळ्याला निरोप धाडला. तो रविवारी, पंधरा तारखेला येतो. पायात ताकद यायला डाग देतोय असं तिला सांगीन. गाठ बसली की माझं खोटंही खरं होईल, आणि संक्रांतीला ती नदीला जाईल.

यात काही चूक असेल तर रविवारच्या आत कळव. दिपाली बारशाला माहेरी जेऊरला गेलीय, तिला फोन करू नकोस. सुनेच्या पोटात काही राहत नाही, लगेच सासूला सांगेल.

बिरप्पा


होटगी
१३ डिसेंबर २०२४

बिरप्पा,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. माझ्या डोळ्याचं परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्याला पट्टी आहे आणि धुळीत जायला बंदी आहे, नाहीतर आत्ता तुझ्या दारात उभा असतो. मी सांगतोय, बुद्धप्रिया लिहितेय. तुला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. तिच्या वॉर्डातला मैंदर्गीचा एक पेशंट आज घरी निघालाय. त्याच्या हाती हे देतोय, तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय.

डाग देऊ नकोस. धुळ्याला दारातूनच परत पाठव.

अजिनाथचा फोन नदीकाठाला लागत नाही. तू नको म्हणालास तरी मी दिपालीला फोन केला. ती रविवारी दुपारपर्यंत पोचेन म्हणाली. धुळा सकाळी आला तर तिचा काय उपयोग? म्हणून सगळं तुझ्या हातात आहे.

आता बुद्धप्रिया तिच्या शब्दांत लिहिते, ते शांतपणे वाच.

बिरप्पाकाका, डॉक्टर चुकले नाहीत. ऑपरेशन पुढूनच करायचं होतं. गुडघ्याच्या सांध्यात दोन हाडांच्या मध्ये गादी असते. काकींची गादी फाटली होती, त्यामुळे सांध्यात जास्त पाणी सुटत होतं. ते मागच्या फटीतून बाहेर जाऊन एका पिशवीत साचत होतं. ती पिशवी म्हणजे तुम्हाला दिसते ती गाठ. डॉक्टरांनी पुढून दुर्बीण घालून गादीचा फाटका भाग साफ केला आणि मागची फट आतूनच मोकळी केली, म्हणजे पाणी आता पिशवीत अडकून राहणार नाही. पिशवी मुद्दामच कापली नाही. तिला लागूनच पायाची मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते. गाठ हळूहळू ओसरेल. काही आठवडे लागतील, कुणाला दोन-तीन महिनेही लागतात. थोडीशी राहिली आणि दुखत नसली तर तिच्याकडं बघायचंही कारण नाही. पण तिथं तापलेली सळई लावली तर जखम होईल. त्यातून पू सांध्यात उतरला तर पाय वाचवणं कुणाच्याच हातात राहणार नाही. काल टाके काढायला मी काकींची वाट बघितली. सोमवारी घेऊन या. डॉक्टर रागावणार नाहीत, मी सांगून ठेवलंय.

आता मी बोलतो. रुळाच्या कडेला पाणी साचलं तर आम्ही ते उपसत बसायचो नाही, रुळाखालची मोरी कुठं तुंबली ते शोधायचो. मोरी मोकळी झाली की साचलेलं आपोआप आटायचं. वहिनींची मोरी मोकळी झालीय, बिरप्पा. आता आटायला वेळ दे. 'ओढून काढतात' असं मी न विचारताच लिहिलं होतं. त्यावरून पोरीनं माझी चांगलीच हजेरी घेतलीय.

आणि वहिनींना खरं सांग. आजच सांग.

नागनाथ


मैंदर्गी
६ जानेवारी २०२५

नागनाथ यास जय भीम. तुझा डोळा आता उघडला असेल, हे तूच वाचत असशील.

तुझं पत्र मला शनिवारी मिळालं होतं. दोनदा वाचलं. धुळ्याला निरोप पाठवायला हवा होता, पाठवला नाही. मनात आलं, बुद्धप्रिया आपली पोर आहे, पण डॉक्टर चुकला तरी ती दुसरं काय लिहिणार? केराबाईलाही सांगितलं नाही. पत्र बंडीच्या खिशात ठेवलं आणि तसाच बसलो.

रविवारी सकाळी धुळा आला. लिंबाखाली शेणकुटाचा विस्तव केला, दोन सळया त्यात खुपसल्या. केराबाई बाजेवर बसली होती.

"ह्यो कुणाला रं, धुळा?"

"तुमालाच की, काकी."

"मला? का म्हनून?"

मी मधे पडलो. म्हणालो, पायात ताकद यायला.

"गाठ गेली म्हनालात की. मग डाग कुटं देनार?"

मी विस्तवाकडं बघितलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग हात मागं नेला. गाठ तिच्या बोटांना लागली. बराच वेळ हात तिथंच होता. धुळा शहाणा, तो जमिनीकडं बघत राहिला.

मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती बाजेवर पालथी झाली, लुगडं वर घेतलं आणि म्हणाली, "धुळा, दे डाग. ऑपरेशन वाया गेलं, आता ह्येच उरलं." तिच्या आईनं, आजीनं, सगळ्यांनी अंगावर डाग घेतलेले. तिला त्याचं भय नव्हतं. भय मला होतं. धुळ्यानं सळई उचलली. टोक लाल झालं होतं.

तेव्हा मी ओरडलो, थांब. खिशातलं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. तुला माझं वाचणं माहीत आहे. एकेक अक्षर जुळवत जातो. 'रक्तवाहिनी'ला अडलो, मागं आलो, परत अडलो. धुळा सळई धरून उभा. मधेच म्हणाला, "काका, जरा उरका की, ही गार व्हाय लागली." केराबाई पालथी पडूनच म्हणाली, "गप रं. वाचू दे त्यास्नी." मी पू उतरतो तिथपर्यंत आलो. मग मोरीचं वाचलं. सगळं वाचून झालं तेव्हा सळई काळी पडली होती.

"परत तापवू का?" धुळ्यानं विचारलं.

केराबाई उठून बसली. "साकु," म्हणाली. आमच्याकडं पुरे झालं म्हणायला कानडीत असं म्हणतात. ती पुरती चिडली की कानडीवर येते. धुळ्याला तिनं चहा दिला, सळया विझवायला पाणी दिलं, अंगणाच्या कडेपर्यंत पोचवलं. मग माझ्याकडं वळली.

"पत्र कवा आलं?"

मी म्हणालो, काल.

"काल आलं. आन् आज इस्तू करू दिला."

एवढंच. त्यानंतर भांडण नाही, आदळआपट नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिपाली दुपारी आली. दुसऱ्या दिवशी सासू-सुना टाके काढायला सोलापूरला गेल्या, ते तुला बुद्धप्रियेनं सांगितलंच असेल. मी निघालो तर केराबाई म्हणाली, "तुमी कोकरं बघा." तेव्हापासून मी कोकरं बघतोय.

आता सकाळी ती माझ्याकडं पाठ करून उभी राहत नाही. दिपाली मोबाइलवर गुडघ्यामागचा फोटो काढते. दोघी आत बसून तो बघतात, बोटांनी मोठा करून बघतात. मग फोटो बुद्धप्रियेला जातो. ती फोनवर बोलते, त्या दोघी हसतात नाहीतर हं हं करतात. मी दाराशी असतो, पण मला ऐकू येत नाही. केराबाई माझ्याशी बोलत नाही असं नाही. भाकरी झाली म्हणते, कोकराला हगवण लागलीय म्हणते. पायाचं तेवढं बोलत नाही.

चालते बरी. काठी सोडलीय. पण कधी कधी वळताना ओठ दाबते, आणि मी बघतोय असं दिसलं की सरळ होते. लुगडं घोट्यापर्यंत असतं, आतलं काही कळत नाही. संक्रांत आठ दिवसांवर आली. तिनं घोंगडं झाडून ठेवलंय, अजिनाथला भाकरीचं पीठ घेऊन येते असा निरोप धाडलाय. नदीपर्यंत चालत जाणार म्हणते. डॉक्टरनं चालायला सांगितलं का? दिपालीला विचारलं तर म्हणते, "मामंजी, आत्यांनाच विचारा."

काल शेवटी धीर केला आणि विचारलं, गाठ कशी आहे?

ती पीठ मळत होती. वर बघितलं नाही. म्हणाली, "गेली."

तिचा चेहरा अगदी साधा होता. मीही तिला सांगताना असाच चेहरा केला असेन. गाठ खरंच गेली, का वाढली आणि नदीला जायला कुणी अडवू नये म्हणून ती तसं म्हणतेय, का मला नुसतं माझंच माप परत देतेय, हे मला ओळखता येत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

फोटो बुद्धप्रियेकडं आहेत. तिला विचार. पहिला आणि कालचा, दोन्ही शेजारी ठेवून बघायला सांग. चालून चालेल का तेही विचार. जे असेल ते लिही, वाईट असलं तरी लिही, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. फोन नको, तो दिपाली उचलेल. मैंदर्गीचं कुणी दवाखान्यात आलेलं असेल तर त्याच्याच हाती दे. ती निघायच्या आत मला कळायला हवं, नागनाथ. उत्तर लवकर धाड.

बिरप्पा